हवा खाली, विमान वर

भारतीय हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे ज्या एचटी-२ विमानावर गिरवले, ते घडवणारे डॉ. विष्णू माधव घाटगे मराठी होते. १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू गावी त्यांचा जन्म झाला. पुढे जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन करून १९३६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

पंखाच्या वरून जाणारी हवा लांबचा रस्ता कापते, म्हणून खालच्या हवेला गाठण्यासाठी वेगाने धावते, असे आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. पण दोघींनी एकाच वेळी पलीकडे पोहोचावे असा नियमच नाही. वरची हवा आधीच पोहोचते. कारंज्याच्या उन्हाळ्यात डोक्यावर फिरणारा पंखा आठवा. त्याची तिरकी पाती हवा खाली लोटतात. विमानाचा पंखही आकारामुळे आणि किंचित तिरकेपणामुळे हवेला खाली वळवतो. तसे होताना पंखावर दाब कमी आणि खाली जास्त राहतो. हा फरकच विमानाला तोलून धरतो.

प्रांटल यांनी १९०४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. पंखालगतचा हवेचा पातळ थर घर्षणाने मंदावतो. रक्तवाहिनीतही भिंतीलगतचे रक्त असेच हळू वाहते. मानेतील धमनी जिथे दुभंगते, तिथे प्रवाह भिंतीपासून सुटून भोवरे होतात आणि नेमकी तिथेच चरबी साचायला सोपे जाते. पंख फार तिरका झाला की हवाही अशीच सुटते, उचल एकाएकी घटते आणि विमान खाली येऊ लागते. शिकाऊ वैमानिकाच्या हातून ही चूक होणारच. ती जिवावर बेतू नये, याचा विचार शिकवणीच्या विमानात आधीच करावा लागतो.

वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूला विमान कारखाना काढला. घाटगे तिथे दाखल झाले. भारतीय विज्ञान संस्थेतही त्यांनी विमानविद्या शिकवली. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात झेपावले. १९६४ मध्ये किरण हे जेट विमान उडाले. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. किरणवर मात्र त्यानंतरही अनेक वर्षे नवे वैमानिक घडत राहिले.