गंधकाने घडलेला माणूस

हाताने दाढीचे ब्रश बनवणारे काही कारागीर आजही मुठीसाठी लाकूड किंवा प्लास्टिक न घेता एबोनाइट, म्हणजे कठीण रबर वापरतात. साबणाच्या पाण्याने ते फुगत नाही, लेथवर सुबक कातता येते आणि थंडीतही हाताला गार लागत नाही. उन्हात मात्र त्याचा काळा रंग तपकिरी पडतो. त्यातले गंधक असे बाहेर बोलते. हे गंधक रबरात मुरवण्यापायी चार्ल्स गुडइयरने आयुष्य घालवले.

1800 साली अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी जन्मलेल्या चार्ल्सचे लोखंडी सामानाचे दुकान बुडाले आणि कर्जापायी तो तुरुंगात गेला. त्या काळचे रबर उन्हाळ्यात वितळून चिकट होई, थंडीत तडकत असे. हा दोष घालवायचाच, असे त्याने घेतले. रसायनशास्त्र शिकलेला नव्हता. स्वयंपाकघरातले लाटणे घेऊन उघड्या हातांनी रबरात मॅग्नेशिया, चुना, जे मिळेल ते मळत राहिला. नायट्रिक आम्लाचा वायू कोंदट खोलीत छातीत जाऊन एकदा तो मरता मरता वाचला. सरकारने टपालाच्या 150 पिशव्या मागवल्या, त्याही उन्हाळ्यात विरघळल्या. घरातली भांडी, मुलांची शाळेची पुस्तकेसुद्धा विकली गेली. काही मुले लहानपणीच दगावली. पत्नी क्लॅरिसाने हे सगळे कसे सोसले असेल, त्याची नोंद पेटंटच्या कागदात नसते.

1839 साली गंधक मिसळलेला रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळला नाही, चामड्यासारखा कडक झाला. उष्णतेने गंधकाचे अणू रबराच्या लांब साखळ्यांना पुलासारखे जोडतात, हे रसायन पुढे कळले. 1844 च्या त्याच्या पेटंटात 25 भाग रबराला 5 भाग गंधक आणि 7 भाग सफेदा होता. सफेदा म्हणजे शिशाचे संयुग. ते रोज हाताळणे शरीराला काय करते, हे कुठल्याही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला आज ठाऊक असते.

गंधक वाढवत नेले, शंभर भाग रबराला तीसेक किंवा त्याहून जास्त, आणि तासन्‌तास तापवले की पूल इतके दाट होतात की रबर लवचीकपणाच विसरते. अमेरिकेत त्याचे पेटंट 1851 साली चार्ल्सचा भाऊ नेल्सन याने घेतले. पुढे त्यापासून कंगवे, पेने, पिचकाऱ्या झाल्या. आणि सोन्याची कवळी न परवडणाऱ्या लाखो बोळक्या तोंडांना घास चावता येऊ लागला.

चार्ल्सने मात्र कर्ज काढून 1851 साली लंडनच्या प्रदर्शनात कठीण रबराचे सामानसुमान मांडले. 1855 साली पॅरिसमध्ये तेच केले आणि पुन्हा कर्जापायी कैदेत पडला. फ्रान्सचा लीजन ऑफ ऑनर सन्मान त्याला तिथेच मिळाला.

संधिवाताने पिडलेला हा माणूस 1860 च्या उन्हाळ्यात मरणासन्न मुलीला भेटायला निघाला. न्यूयॉर्कला पोहोचताच ती गेल्याचे कळले. तिथेच 1 जुलैला तोही गेला. मागे जवळपास दोन लाख डॉलरचे कर्ज राहिले. टायरवर त्याचे नाव छापणारी कंपनी 1898 साली निघाली. ती त्याच्या कुटुंबाची नव्हती.