विश्लेषण : ससाण्यांवर लिहिणारा कल्याणीचा राजा कोण होता? आज त्याची आठवण का?

धाराशिव जिल्ह्यातील उमरगा ओलांडून हैदराबादच्या दिशेने निघाले की राज्याची हद्द संपते आणि थोड्या अंतरावर बसवकल्याण येते. हीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. आजचा धाराशिव परिसरही त्यांच्याच राज्यात होता. या गादीवरील सोमेश्वर तिसरा याने सुमारे ९०० वर्षांपूर्वी शिकारी पक्ष्यांच्या खेळावर लिहून ठेवले.

कोण होता सोमेश्वर?

सहावा विक्रमादित्य याने सुमारे ५० वर्षे राज्य केले. त्याचा मुलगा सोमेश्वर ११२६ च्या सुमारास गादीवर आला. भूलोकमल्ल आणि सर्वज्ञ ही त्याची बिरुदे. वडिलांसारखा युद्धांचा लौकिक त्याला मिळाला नाही. त्याचे नाव टिकले ते ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथामुळे.

ग्रंथात काय आहे?

५ भाग आणि १०० अध्याय. राज्यकारभार, हत्ती, स्वयंपाक, मासेमारी, संगीत असे सगळे विषय. महाराष्ट्रातील बायका कांडताना ओवी गातात, ही नोंदही त्यातलीच. करमणुकीच्या भागात श्येनविनोद, म्हणजे ससाण्यांकडून शिकार करण्याचा खेळ येतो.

पक्षी कुठून येत?

जुन्या काळी असे पक्षी मुख्यतः रानातून पकडत. भूक आणि मांसाचा तुकडा यांच्या जोरावर ते हातावर परतायला शिकत. पिंजऱ्यात त्यांची पैदास मोठ्या प्रमाणावर जमली ती १९७० च्या दशकात, अमेरिकेत बहिरी ससाणा संपत चालला तेव्हा.

‘इम्प्रिंटिंग’ म्हणजे काय?

पिल्लू सुरुवातीच्या दिवसांत ज्याला पाहते, त्यालाच आपल्या जातीचे समजते. कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये ही प्रक्रिया सविस्तर मांडली. १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. माणसाने वाढवलेला ससाणा मोठेपणी अनेकदा जोडीदार म्हणूनही माणसालाच निवडतो. पैदास केंद्रांनी कृत्रिम रेतनासाठी याचा उपयोग केला. रानात सोडायच्या पक्ष्याचे मात्र यात नुकसानच होते. म्हणूनच सोडण्यासाठी वाढवलेल्या गिधाडांचा माणसाशी संपर्क कमीत कमी ठेवतात. हरियाणातील पिंजोर केंद्रातील गिधाडे २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये आणण्यात आली.

तुम्ही काय कराल?

सोमेश्वराच्या काळी ससाणा बाळगणे हा राजाचा शौक होता. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे. घारीचे किंवा शिक्र्याचे पिल्लू पडलेले दिसले तर ते घरी नेऊन भरवू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. माणसाळलेले पिल्लू जगेल, पण रानाचे राहणार नाही.

सोमेश्वर ११३८ च्या सुमारास गेला. पुढच्या काही दशकांत कल्याणी कलचुरींच्या हाती गेली. राज्य संपले, ग्रंथ उरला.