दात वाचवणारे डॉ. ब्लॅक

दात दुखू लागला की जेवण गोड लागत नाही आणि रात्री झोप येत नाही. पूर्वी किडलेला दात बहुधा उपटूनच टाकत. असे दात वाचवण्याच्या कामाला शास्त्राचा पाया देणाऱ्यांत डॉ. ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांचे नाव आदराने घेतले जाते.

ब्लॅक यांचा जन्म १८३६ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. सतराव्या वर्षी ते आपल्या डॉक्टर भावाकडे वैद्यक शिकू लागले. १८५७ साली त्यांनी एका दंतवैद्याच्या हाताखाली थोडे दिवस काम केले. दंतवैद्यकाच्या कॉलेजात ते कधीच शिकले नाहीत. पण पुढे १८९७ साली शिकागोच्या एका दंतवैद्यक कॉलेजाचे ते प्रमुख झाले.

त्या काळी दातात भरलेले चांदीचे मिश्रण लवकर निकामी होई. त्याच्या कडेने दात पुन्हा किडे. ब्लॅक यांनी पुष्कळ प्रयोग करून टिकाऊ मिश्रण तयार केले. पण ते दाताला चिकटत नसे. ते पक्के बसावे म्हणून दातात पेटीसारखा खड्डा कोरावा लागे. कीड पुन्हा लागू नये म्हणून खड्डा थोडा वाढवावा, असा नियम त्यांनी घालून दिला. त्यामुळे दात वाचे, पण त्याचा काही निरोगी भागही कापला जाई.

दात किडूच नयेत, अशी ब्लॅक यांची खरी इच्छा होती. वयाची सत्तरी उलटल्यावरही ते कोलोरॅडोतील लोकांच्या दातांवरील तपकिरी डागांचा अभ्यास करत होते. १९१५ साली त्यांचे निधन झाले. पाण्यातील जास्त फ्लोराइडमुळे ते डाग पडतात, हे १९३१ साली उघड झाले. पुढे थोडे फ्लोराइड दातांना किडीपासून वाचवते, हेही समजले.

१९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दाताला चिकटणारे भरण शक्य असल्याचे दाखवले. मग मोठा खड्डा कोरण्याची गरज कमी झाली. आता दंतवैद्य शक्यतो किडलेला भागच काढतात आणि निरोगी भाग तसाच राखतात. खड्डा पडण्यापूर्वीच कीड लक्षात आली, तर फ्लोराइड लावून ती थांबवताही येते.

ब्लॅक यांचा जुना नियम आज मागे पडला आहे. पण दात वाचवण्याचे त्यांचे ध्येय मागे पडलेले नाही. नवे ज्ञान मिळाले की जुना नियम तपासून पाहावा, हीच तर शास्त्राची रीत आहे.