लंडन वाचवलं तर बदली झाली, मग याच माणसाने माल्टा बेट वाचवलं

जुलै १९४२. भूमध्य समुद्रातलं माल्टा नावाचं छोटंसं बेट शेवटचे दिवस मोजत होतं. दोन वर्षांपासून वरून बॉम्ब पडत होते. समुद्रात जर्मन आणि इटालियन पाणबुड्या टपून बसल्या होत्या. धान्य संपत आलेलं, पेट्रोल संपत आलेलं. आणखी काही आठवडे जहाजं आली नाहीत तर शत्रूला शरण जावं लागणार, हा हिशोब ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मांडून ठेवला होता.

अशा वेळी बेटाच्या हवाई संरक्षणाची जबाबदारी पन्नास वर्षांच्या एका अधिकाऱ्याकडे देण्यात आली. विषय असा होता की दीड वर्षापूर्वी याच अधिकाऱ्याला ब्रिटिश हवाई दलाने लढाईतून उचलून ट्रेनिंगच्या कामाला लावलं होतं. कारण काय, तर त्याची लढायची पद्धत काही वरिष्ठांना पटत नव्हती.

त्याचं नाव कीथ पार्क. जी पद्धत पटत नव्हती, तीच त्याने माल्टाच्या आकाशात वापरली आणि जिंकून दाखवलं.

घोड्यावर बसता येईना म्हणून विमानात बसला

कीथ पार्कचा जन्म १५ जून १८९२ चा, न्यूझीलंडमधल्या थेम्स या गावातला. वडील स्कॉटलंडहून आलेले भूगर्भशास्त्रज्ञ. पोराला मात्र दगडांपेक्षा समुद्राची ओढ. १९ व्या वर्षी तो एका जहाज कंपनीत हिशोबाच्या कामाला लागला. घरात त्याला स्किपर म्हणायला लागले आणि हे नाव त्याला आयुष्यभर चिकटलं.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. पार्क तोफखान्यात भरती झाला आणि एप्रिल १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरला. त्या मोहिमेत ब्रिटिशांची अक्षरशः दैना झाली, पण पार्क जगला. तिथेच तो अधिकारी झाला.

पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत तोफेचा गोळा जवळ फुटला आणि पार्क घोड्यासकट उडाला. डॉक्टरांनी सांगितलं, आता घोड्यावर बसायचं नाही. त्या काळात तोफखान्याचा गाडा घोड्यांवरच चालायचा, म्हणजे आघाडीवरची नोकरी संपली.

मग या गड्याने थेट हवाई दलाचा रस्ता धरला. युद्ध संपेपर्यंत शत्रूची विसेक विमानं पाडल्याची किंवा निकामी केल्याची नोंद त्याच्या नावावर झाली होती आणि तो एका स्क्वाड्रनचा प्रमुख बनला होता.

लंडनच्या आकाशाची राखण

दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा पार्क ब्रिटनच्या फायटर कमांडमध्ये होता. या कमांडचा प्रमुख होता ह्यू डाउडिंग. रडार, टेहळणी करणारी माणसं आणि टेलिफोनच्या तारा यांचं जाळं विणून डाउडिंगने संरक्षणाची एक यंत्रणा उभी केली होती. पार्क त्याचा उजवा हात.

एप्रिल १९४० मध्ये पार्ककडे नंबर ११ ग्रुप आला. लंडन आणि इंग्लंडचा आग्नेय कोपरा सांभाळायची जबाबदारी या ग्रुपची. जूनमध्ये फ्रान्स पडला आणि जर्मन विमानं थेट इंग्लिश खाडीच्या पलीकडे येऊन बसली. आता पहिला मार पार्कच्याच वाट्याला येणार होता.

पार्कपुढचं गणित अवघड होतं. रडारवर शत्रू दिसल्यापासून तो धावपट्ट्यांवर येईपर्यंत हातात मोजकीच मिनिटं. तेवढ्यात विमानं उडवायची, उंचीवर न्यायची आणि भिडायचं. सगळी विमानं एकदम वर पाठवली तर ती इंधन भरायला खाली उतरल्यावर दुसरी लाट येऊन सगळं उद्ध्वस्त करणार.

म्हणून पार्कने ठरवलं की जेवढी विमानं हाताशी आहेत तेवढी लगेच पाठवायची. एक स्क्वाड्रन, फार तर दोन, म्हणजे १२ किंवा २४ विमानं. संख्येने कमी असली तरी बॉम्ब पडायच्या आधी भिडायचं. शत्रूची रांग मोडायची, निशाणा चुकवायचा आणि बाकीची ताकद पुढच्या लाटेसाठी शिल्लक ठेवायची.

१५ सप्टेंबर १९४० ला जर्मनीने लंडनवर मोठा हल्ला चढवला. त्या दिवशी पंतप्रधान चर्चिल स्वतः पार्कच्या अक्सब्रिजमधल्या भूमिगत कंट्रोल रूममध्ये येऊन बसला होता. राखीव विमानं किती आहेत, असं त्याने विचारलं. एकही नाही, असं उत्तर मिळालं. सगळी विमानं हवेत होती. त्या दिवशी जर्मनीने सुमारे ६० विमानं गमावली आणि दोनच दिवसांनी हिटलरने इंग्लंडवर उतरायचा बेत पुढे ढकलला.

जिंकल्यावर बदली

लंडनच्या उत्तरेला १२ ग्रुप होता, त्याचा प्रमुख ट्रॅफर्ड ली-मॅलरी. त्याचं म्हणणं असं की दोन-दोन स्क्वाड्रन पाठवण्यात अर्थ नाही. चार-पाच स्क्वाड्रन हवेत एकत्र करा आणि मग एकदम तुटून पडा. याला नाव पडलं बिग विंग.

ऐकायला भारी वाटायचं. पन्नास-साठ फायटर विमानं एकत्र दिसली की जर्मन वैमानिकांचा धीर खचायचा, हेही खोटं नव्हतं. पण एवढी विमानं एकत्र करायला वेळ लागायचा आणि तोपर्यंत बॉम्ब पडून गेलेले असायचे. पार्कची विमानं हवेत असताना त्याच्या धावपट्ट्यांवर लक्ष ठेवायचं काम १२ ग्रुपचं होतं. ती मदत वेळेत येत नाही, ही पार्कची तक्रार होती.

१७ ऑक्टोबर १९४० ला हवाई मंत्रालयात बैठक बसली. लढाई जिंकून आलेले डाउडिंग आणि पार्क तिथे जणू आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. नोव्हेंबरमध्ये डाउडिंगला हटवलं. डिसेंबरमध्ये पार्कची पाळी आली. त्याची रवानगी वैमानिकांना शिकवणाऱ्या विभागात झाली आणि ११ ग्रुप कुणाला मिळाला? ली-मॅलरीला.

पुढच्या वर्षी मंत्रालयाने या लढाईवर एक पुस्तिका काढली. तिच्यात डाउडिंगचं नाव नव्हतं आणि पार्कचंही नव्हतं.

माल्टा एवढं महत्त्वाचं का होतं?

माल्टाचं मुख्य बेट २४६ चौरस किलोमीटरचं, म्हणजे मुंबईच्या जवळपास निम्मं. लोकसंख्या अडीच लाखांच्या वर. उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर इटलीचं सिसिली बेट, तर दक्षिणेला आफ्रिकेचा किनारा.

आफ्रिकेत जर्मन सेनापती रोमेल इजिप्तच्या दिशेने सरकत होता. त्याला इजिप्त आणि सुएझ कालवा गाठायचा होता. पण त्याच्या रणगाड्यांचं पेट्रोल, दारूगोळा, सुटे भाग सगळं इटलीहून समुद्रमार्गे यायचं आणि त्या वाटेच्या मधोमध माल्टा. माल्टाहून उडणारी विमानं आणि निघणाऱ्या पाणबुड्या ही जहाजं बुडवायच्या. बेट ब्रिटिशांच्या हातात असेपर्यंत रोमेलला निवांत झोप नव्हती.

म्हणून बेट ठेचायचं ठरलं. ११ जून १९४० ला पहिला बॉम्ब पडला. एकट्या एप्रिल १९४२ मध्ये ६,७०० टनांच्या आसपास बॉम्ब पडले. लोक दगडात खोदलेल्या भुयारांमध्ये संसार थाटून बसले. त्याच महिन्यात ब्रिटनच्या राजाने संपूर्ण बेटाला जॉर्ज क्रॉस हा शौर्य सन्मान दिला. पण सन्मानाने पोट भरत नाही. ब्रेडचं रेशनिंग होतं, घरी चूल पेटवायला रॉकेल मिळेना, म्हणून सरकारी सामुदायिक स्वयंपाकघरांतून जेवण वाटलं जात होतं.

पार्क आला आणि नियम बदलला

जुलैच्या मध्यात पार्क माल्टात पोहोचला. त्याच्या आधीचा प्रमुख ह्यू लॉइड याने फार वाईट काळात बेट टिकवून धरलं होतं. मे महिन्यात विमानवाहू जहाजांवरून उडून आलेली ६० च्या आसपास स्पिटफायर विमानंही त्याच्याच काळात उतरली. म्हणजे पार्कच्या हातात सुरुवातीलाच एक हत्यार होतं. प्रश्न ते वापरायचं कसं, हा होता.

तोपर्यंतची रीत अशी होती. सिसिलीवरून विमानं निघाली की माल्टाची फायटर विमानं आधी दक्षिणेकडे जायची, तिथे उंची गाठायची आणि मग वळून शत्रूवर झडप घालायची. विमानं कमी होती तोवर हे बरोबरच होतं. पण यात लढाई बेटाच्या डोक्यावर व्हायची. शत्रूचं विमान पडो वा न पडो, बॉम्ब लोकांच्या घरांवर आणि धावपट्ट्यांवर पडायचेच.

२५ जुलैला पार्कने नवा आदेश काढला. इशारा मिळाला की दोन-तीन मिनिटांत विमानं हवेत गेली पाहिजेत. तोंड दक्षिणेकडे नाही, सरळ उत्तरेकडे, सिसिलीच्या दिशेने. शत्रूला बेटावर येऊच द्यायचं नाही, समुद्रावरच गाठायचं.

कामाची वाटणीही ठरली. पहिल्या स्क्वाड्रनने सगळ्यात वर उडणाऱ्या शत्रूच्या फायटरना अडकवायचं. दुसऱ्याने बॉम्बर विमानांना चिकटून उडणाऱ्या रक्षकांना भिडायचं. आणि तिसऱ्याने थेट समोरून बॉम्बरवर घुसायचं.

समोरून फायटर अंगावर आली की बॉम्बरचा वैमानिक वळतो, रांग मोडते आणि बॉम्ब समुद्रात टाकून परतायची घाई होते. लंडनमध्ये वापरलेलीच ही युक्ती. फरक एवढाच की इथे हुज्जत घालायला शेजारी दुसरा ग्रुप नव्हता.

थोड्याच दिवसांत दिवसाउजेडी येणारे बॉम्बर जवळपास बंद झाले.

हे एकट्या पार्कचं श्रेय नव्हतं. नवी स्पिटफायर आली होती, रडार सुधारलं होतं आणि जर्मनीची बरीच विमानं तेव्हा आफ्रिका आणि रशियाच्या आघाड्यांवर गुंतलेली होती. पण हीच साधनं वापरून लढाई बेटावरून समुद्रावर ढकलली ती पार्कने.

पाच जहाजं पोहोचली

आकाश थोडं मोकळं झालं तरी पोटाचा प्रश्न होताच. ऑगस्टमध्ये ब्रिटनने ऑपरेशन पेडेस्टल हाती घेतलं. १४ मालवाहू जहाजं आणि त्यांच्या रक्षणाला युद्धनौकांचा प्रचंड ताफा. वाटेत विमानं, पाणबुड्या आणि टॉर्पेडो बोटींनी लचके तोडले. ईगल ही विमानवाहू नौका बुडाली. १४ पैकी ९ मालवाहू जहाजं गेली, शेकडो खलाशी गेले.

माल्टाच्या टप्प्यात काफिला आला तसं पार्कच्या विमानांनी त्याच्यावर छत्र धरलं. शेवटचं जहाज होतं ओहायो, पेट्रोलियम घेऊन निघालेला टँकर. इंजिन बंद पडलेलं, पोटाला भगदाड. दोन विनाशिकांनी त्याला दोन्ही बाजूंनी बांधून घेतलं आणि १५ ऑगस्टला अक्षरशः ओढत बंदरात आणलं. तो दिवस माल्टात मेरीमातेच्या सणाचा. लोक तटांवर उभे राहून रडत होते, ओरडत होते. बेटाला आणखी काही महिने जगण्यापुरती रसद मिळाली होती.

त्याच इंधनावर माल्टाची विमानं पुन्हा रोमेलच्या जहाजांच्या मागे लागली. ऑगस्टच्या अखेरीस इजिप्तमध्ये आलम हाल्फाला रोमेलने हल्ला केला तेव्हा त्याला सगळ्यात जास्त काय कमी पडलं असेल तर पेट्रोल.

ऑक्टोबरमध्ये जर्मन हवाई दलाचा केसेलरिंग शेवटचा जोर लावून आला. ११ तारखेपासून लाटांवर लाटा. पार्कची विमानं दरवेळी समुद्रावरच आडवी गेली. आठवडाभरात बॉम्बर मागे घ्यायची वेळ आली. २० नोव्हेंबरला पुढचा काफिला माल्टाला पोहोचला आणि वेढा उठला. त्याच महिन्यात पार्कला सर हा किताब मिळाला.

पुढच्याच वर्षी, जुलै १९४३ मध्ये, ज्या सिसिलीतून माल्टावर बॉम्ब यायचे तिच्यावर दोस्त राष्ट्रांच्या फौजा उतरल्या. त्यांच्या डोक्यावर उडणारी बरीच विमानं माल्टावरून येत होती आणि त्यांचा प्रमुख होता कीथ पार्क.

उशिरा झालेली आठवण

नोव्हेंबर १९४४ मध्ये ली-मॅलरी आग्नेय आशियातल्या हवाई दलाची सूत्रं घ्यायला निघाला होता. त्याचं विमान आल्प्सच्या डोंगरात कोसळलं आणि त्याचा मृत्यू झाला. ती जागा फेब्रुवारी १९४५ मध्ये मिळाली पार्कला. श्रीलंकेतल्या कँडीतून तो काम बघू लागला. ब्रह्मदेशाच्या जंगलात जपान्यांशी लढणाऱ्या चौदाव्या आर्मीत बहुसंख्य सैनिक भारतीय होते आणि त्यांचं अन्न, दारूगोळा मोठ्या प्रमाणावर विमानांनीच पोहोचवावा लागायचा. ती व्यवस्था आता पार्कच्या हाताखाली होती.

१९४६ च्या अखेरीस पार्क निवृत्त झाला आणि न्यूझीलंडला परतला. ऑकलंडच्या नगरपालिकेत निवडून आला, शहराच्या नव्या विमानतळासाठी झटला. ६ फेब्रुवारी १९७५ ला, वयाच्या ८२ व्या वर्षी त्याचं निधन झालं.

माल्टाच्या झेंड्यावर तो जॉर्ज क्रॉस आजही आहे आणि तो तिथल्या लोकांचा आहे. पार्कची आठवण काढायला मात्र लंडनला बराच वेळ लागला. १५ सप्टेंबर २०१० ला, म्हणजे त्या निर्णायक दिवसाला बरोबर ७० वर्षं झाल्यावर, शहरातल्या वॉटर्लू प्लेसमध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. पुतळ्यातला पार्क वैमानिकाच्या वेशात आहे आणि उड्डाणाआधी हातमोजे चढवतोय.