दहा वर्षं चाललेली केस

कुर्ल्याहून स्लो लोकल पकडा. सायन, माटुंगा, दादर आणि मग परळ. रोज याच मार्गाने कॉलेजला जाणाऱ्या तुमच्यापैकी कितीजणांना माहितीये, की देशातल्या एका मोठ्या नागरी हक्काच्या लढ्याची कागदपत्रं सांभाळणारा वकील याच परळच्या चाळीत राहत होता? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांना आपण संविधानामुळे ओळखतो. आज भेटूया वकील बाबासाहेबांना.

१९२३ मध्ये ते लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले. सनद काढायलाही पैसे नव्हते, ते मित्र नवल भथेना यांनी दिले. पदव्यांची रांग होती, पण अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर मंडळी काम द्यायला कचरायची. मग घर कसं चालवायचं? जून १९२५ पासून त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये पार्ट-टाइम व्यापारी कायदा शिकवला. म्हणजे तुम्ही क्लास घेऊन फी भरता ना, तसंच काहीसं! बाकीचा वेळ परळच्या दामोदर हॉलमधल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या कचेरीत. तिथे गाऱ्हाणी घेऊन लोक यायचे.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ते हजारो लोकांसोबत प्यायले, हे आपण शाळेत शिकलो. धडा तिथेच संपतो. केस मात्र तिथून सुरू होते.

महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच तळं सर्वांना खुलं केलं होतं. सत्याग्रहानंतर, ऑगस्ट १९२७ मध्ये, तिने तो ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. तेवढ्यात तळं खासगी आहे, असं म्हणत काही सवर्ण रहिवाशांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला. दोनच दिवसांत मनाई हुकूम आला. प्रतिवादींमध्ये बाबासाहेब स्वतः होते.

आता विचार करा. २५ डिसेंबरला हजारो माणसं महाडात जमलीत, तुरुंगात जायला तयार आहेत. आणि त्यांच्याच पुढाऱ्याला त्यांना थांबवायचंय. बाबासाहेबांनी तेच केलं. भांडण सरकारशी नव्हतं आणि कोर्टाचा हुकूम मोडून केस कमकुवत करायची नव्हती. लोकांनी ऐकलं. तळं समोर, पण पाण्याला हात लावायचा नाही!

पुढे तारखा, साक्षी, जुने दप्तर. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. १९३३ मध्ये ठाण्यातलं अपीलही फेटाळलं गेलं. मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला निकाल लागला: अस्पृश्यांना मनाई करणारी रूढी अनादी काळापासून आहे, हे दावेदारांना सिद्ध करता आलं नव्हतं. पाण्याच्या त्या ओंजळीला कायद्याने हो म्हणायला दहा वर्षं लागली. निकाल लागला तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य होते!

हे सगळं तुम्हाला का सांगतेय? कारण लॉ करणारे माझे मित्र इंटर्नशिप म्हटली की आधी काचेच्या ऑफिसातली मोठी फर्म शोधतात. त्यात चूक काहीच नाही. पण बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या एलएल.बी.ला किमान १२ आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. त्यातले थोडे आठवडे कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्राला द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात लॉचे विद्यार्थी पॅरालीगल स्वयंसेवकही होऊ शकतात. काम ग्लॅमरस नाही. नकला मिळवणं, तारखा टिपणं, घाबरलेल्या माणसाला त्याचाच अर्ज वाचून दाखवणं.

पण चवदार तळ्याची केस अशाच कामावर उभी राहिली. रूढी किती जुनी, तळं कुणाचं, या प्रश्नांची उत्तरं घोषणांनी मिळत नाहीत. ती कुणीतरी दप्तरात बसून शोधावी लागतात. पुढच्या वेळी परळ स्टेशन आलं, की हे नक्की आठवा.