टोपलीभर मातीचे वजन

मराठी मातृभाषेच्या माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. त्यांच्या ‘एक टोकरी भर मिट्टी’ या कथेत जमीनदार विधवेची झोपडी बळकावतो. पण तिथली टोपलीभर माती त्याला उचलवत नाही. हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा पेलणार, या तिच्या प्रश्नाने तो वरमतो. विशेषणांची रास न रचता एका तुलनेने अन्याय तोलून दाखवणारा हा भाषेचा धडाच होय. पुढे त्यांनी दासबोध, गीतारहस्य हिंदीत आणले. रायपुरात मुलींची शाळा काढली. १९२६ मध्ये ते येथेच निवर्तले. सदर बाजारातील हमालाची पाठ पाहून एखाद्या मुलास ‘जड’ या शब्दापलीकडची उपमा सुचली, तर तो त्यांचाच वारसा ठरेल.