भटोबासांचे आचार्यपण

नाशिक हे पूर्वापार शास्त्र्यांचे क्षेत्र. शास्त्री, पंडित, उपाध्याय, पुराणिक अशा शिकविणाऱ्यांच्या नावांनी येथील गोदातीर गजबजलेला. त्यांपैकी कित्येक नावे पुढे आडनावे होऊन बसली. सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभू अटनकाळी याच प्रदेशातून गेले, आणि नाशिक-सिन्नरकडील त्यांची स्थाने स्थानपोथीत नमूद आहेत. परंतु त्यांच्या पश्चात मार्गात शिकविणाऱ्यासाठी जे शब्द रूढ झाले, ते वरील नावांहून वेगळ्या जातीचे आहेत. त्या शब्दांचा अर्थ कोशात शोधण्यापेक्षा आद्य आचार्य श्रीनागदेव यांच्या चरित्रात शोधणे अधिक श्रेयस्कर होय.

नागदेव हे मूळचे नागदेवभट. भट हा शब्दच विद्येचा मान सांगणारा. त्याला आदराचा प्रत्यय लागून ते भटोबास झाले. मातोश्री आबाइसा, भगिनी उमाइसा आणि नात्यातील महदाइसा हे सर्वच पुढे सर्वज्ञांना अनुसरले. महदाइसा आधी रामदेव दादोसांच्या शिष्या होत्या. आपले शिष्य आपल्याला सोडून सर्वज्ञांकडे जातात, याचा दादोसांना विषाद झाला. मनुष्य म्हणून तो समजण्याजोगा आहे. पण शिष्य ही गुरूची मालमत्ता नव्हे, हा धडा भटोबासांनी बहुधा येथेच घेतला असावा, असे आमचे मत आहे.

शके ११९४ च्या सुमारास सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले. वियोगाने भटोबास विकल झाले. पुढे सर्व भक्तजनांसह ते ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. या काळात भटोबास कोणाचेही आचार्य नव्हते. ते सेवक होते आणि स्मरण करीत होते. त्या स्मरणातूनच मराठी गद्यातील पहिला मोठा ग्रंथ निघाला. म्हाइंभट हे स्वतः मोठे शास्त्रज्ञ, एके काळी विद्येच्या अभिमानाने सर्वज्ञांशी वाद घालावयास आलेले. तेच आता वाजेश्वरीत भटोबासांपुढे बसून लीळा ऐकू लागले आणि लिहून घेऊ लागले. जे भटोबासांना ठाऊक नव्हते ते विचारण्यासाठी त्यांनी गावोगाव हिंडून प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना गाठले. कोण कोणास शिकवीत होता, हे या प्रसंगी सांगणे कठीण आहे.

शके १२०९ च्या सुमारास गोविंदप्रभूंच्या प्रयाणानंतर मार्गाची धुरा भटोबासांकडे आली. येथे अधिकरण या शब्दाचा विचार केला पाहिजे. व्याकरणात अधिकरण म्हणजे क्रियेचे स्थान. झाडावर पक्षी बसतो, तेथे झाड हे अधिकरण; बसण्याचा कर्ता ते नव्हे. आपल्या शास्त्रात ज्ञानाचा दाता परमेश्वर एकच. आचार्य हे त्या ज्ञानाचे ठिकाण. ज्याच्या योगे आपणास धर्म मिळाला त्याला आपण निमित्त म्हणतो. त्या शब्दातही कर्तेपणाचा लवलेश नाही. गृहस्थाला तर आपण उपदेशी म्हणतो. वरवर पाहता हा उपदेश करणाराचा शब्द वाटावा, पण तो उपदेश घेतलेल्याचा आहे. ऐकणाराची पदवी बोलणाराच्या शब्दावरून पडावी, हे सुज्ञ वाचकांनी ध्यानी घ्यावे.

भटोबासांच्या भोवती विद्वानांची वाण नव्हती. केशवराज सूरी, दामोदर पंडित, भास्करभट बोरीकर हे सर्व संस्कृतात पारंगत. एकदा पंडितांनी संस्कृत वळणाने प्रश्न केला, तेव्हा भटोबासांनी ते बोलणे आपणास कळत नसल्याचे सांगितले. सर्वज्ञांनी आपल्याला मराठीतच निरूपण केले, तेव्हा त्याच भाषेत विचारावे, असा त्यांचा आग्रह. केसोबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हाही त्यांनी निवारण केले. कारण एवढेच की, आपल्या म्हाताऱ्या त्या ज्ञानाला मुकतील.

या कारणाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. भटोबासांनी भाषेचा अभिमान सांगितला नाही, संस्कृताची निंदाही केली नाही. त्यांनी म्हाताऱ्यांचे नाव घेतले. वृद्ध बायकांत महदाइसांसारख्या अखंड प्रश्न विचारणाऱ्या होत्या, तशा अक्षरशत्रूही होत्या. त्यांपैकी सर्वांत मागे बसलेलीला कळेल तेच निरूपण, अशी मर्यादा त्यांनी घातली. सर्वज्ञ स्वतः गुर्जर देशीचे. त्यांनी ऐकणाराची भाषा स्वीकारली, तीच रीत भटोबासांनी पुढे चालविली. केसोबासांनी ते मानले. सूत्रपाठ आणि दृष्टांतपाठ मराठीत सिद्ध झाले, आणि त्यांची संस्कृत विद्वत्ता रत्नमालास्तोत्रासारख्या रचनांत राहिली.

भटोबासांच्या या आठवणी स्मृतिस्थळात जतन आहेत. त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९९२ साली प्रसिद्ध केले. म्हाताऱ्यांची ती काळजी आता परदेशीही वाचली जाते.

चौदाव्या शतकाच्या आरंभी भटोबासांचे देहावसान झाले. त्यांच्यामागून बाइदेवबास व नंतर कवीश्वरबास यांनी मार्ग सांभाळला. सूत्रपाठावर विचारबंद, लक्षणबंद, आचारबंद ही स्थळे झाली, तीही मराठीतच. त्याच शतकात पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या जाऊ लागल्या, आणि ग्रंथ बाहेरच्यांच्या डोळ्यांआड गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी महंतांच्या साहाय्याने त्या लिपीची उकल अभ्यासकांना झाली. अक्षरे झाकली गेली होती, भाषा नव्हे. पोथी उघडून कोणी मोठ्याने वाचली की आतून म्हाताऱ्यांना कळणारी मराठीच निघे.